नुरिया, महानंदा आणि माझं लॅटिन

मी इंग्रजीचा मास्तर. जिंतूर तालुक्यातल्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त होऊन चारठाण्याला, माझ्या गावी, राहायला आलो. पण इथे लिहायचं आहे ते वर्गातलं नाही, शाळा सुटल्यावरच्या कामाचं आहे. गावात कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्या ओट्यावर यायचा. औषधाच्या डबीवरचं, पासपोर्टच्या अर्जावरचं, आखातातून आलेल्या नोकरीच्या पत्रातलं, सगळं मी वाचून द्यायचो. माझ्या वडिलांनी हयातभर आपले कागद दुसऱ्यांच्या ओट्याखाली उभं राहून वाचून घेतले. आमच्या ओट्यावर लोक यायला लागले, तेव्हा ते कोपऱ्यात बसून नुसते बघत राहायचे. त्यामुळे हे काम मला पगाराच्या कामापेक्षा मोठं वाटायचं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

अर्थ सांगणं बाहेरून सोपं दिसतं. अनोळखी शब्द आला तर माणूस थांबतो, कोश काढतो. घात करतात ते ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द. एकदा गावातल्या एका म्हातारीला तिच्या लेकाच्या पलटणीकडून हिंदीत पत्र आलं. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचलं, ‘आपके पुत्र की शिक्षा पूर्ण हुई.’ म्हातारी रडत माझ्याकडे आली. “सर, माझ्या लेकराला शिक्षा झाली. काय गुन्हा केला असंल ओ त्यानं?” मी म्हटलं, “मावशी, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं. तालीम पुरी झाली त्याची.” तिने डोळे पुसले आणि मलाच झापलं, “तालीम म्हणा की मंग! तालीम कळती आमाला.”

अशा शब्दांचा मला नाद लागला. औरंगाबादला रद्दीच्या दुकानात इंग्रजी शब्दांच्या मुळांचा एक जाडजूड कोश मिळाला होता. इंग्रजीतला अर्धा संसार लॅटिनमधून आणलेला आहे, हे मला त्यात कळलं. लॅटिन शिकवणारं परभणी जिल्ह्यात कोण असणार? मी त्या कोशातूनच एकेक धातू पाठ केला. स्टाफरूममध्ये चहा पिताना सुद्धा मी शब्द फोडून दाखवायचो. सहकारी घड्याळाकडे बघायचे. मला वाटायचं, कधीतरी कोणीतरी येईल, ज्याला हे सगळं ऐकायचं असेल.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती आली.

आमच्या गावात जुनी देवळं पुष्कळ. ती बघायला अधूनमधून अभ्यासक येतात, फोटो काढतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. ही राहिली. नाव नुरिया, वय पस्तिशीच्या आसपास, पेशाने चित्रकार. देवळांच्या दगडी कोरीवकामाची चित्रं काढायला आली होती. बाजारपेठेत शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान आहे, त्यांच्या माडीवरची खोली तिने दोन महिन्यांसाठी घेतली. गावाने आठवड्यात तिची ‘नूरबी’ करून टाकली. तिला इंग्रजी येत होतं, पण बेताचं. मोबाइलवर भाषांतर व्हायचं, पण माडीवर नेट यायचं नाही, आणि यायचं तेव्हा मराठीचं जे काही व्हायचं त्याला हसण्यातच वेळ जायचा. मग अप्पांचा निरोप आला, “खंदारे सर, तेवढं बोलून द्या.” मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

पहिल्याच भेटीत मी चुकलो. म्हटलं, “तुमची भाषा स्पॅनिश ना?” तिच्या कपाळाला आठी पडली. “नाही. कातालान.” स्पेनच्या एका कोपऱ्यातली, पण आपली वेगळी भाषा, लॅटिनच्या पोटची. कोकणी भाषा बोलणाऱ्या गोव्याच्या माणसाला ‘तुमची मराठी छान आहे’ म्हटल्यावर त्याचा चेहरा जसा होईल, तसा तिचा झाला होता. मला मात्र आनंद मावेना. लॅटिनच्या पोटची भाषा बोलणारं जितंजागतं माणूस माझ्या गावात, किराणा दुकानाच्या माडीवर!

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन जायला लागलो. काय काय मिळालं! इंग्रजीत ‘एक्झिट’ म्हणजे बाहेर पडायचं दार, तिच्या भाषेत तसाच दिसणारा शब्द म्हणजे यश. दोघांचं लॅटिन मूळ एक, बाहेर पडणं. एकात माणूस बाहेर पडतो, दुसऱ्यात काम तडीला जाऊन बाहेर येतं. ‘कार्पेट’सारखा दिसणारा तिचा शब्द म्हणजे कागद ठेवायची फाईल. ‘लायब्ररी’सारखा दिसणारा म्हणजे पुस्तकांचं दुकान. मी वहीत तीन रकाने आखले, इंग्रजी, कातालान, लॅटिन. यावर एक लेख लिहायचा, असं मनात ठरवून टाकलं.

एका सकाळी माडीवरून ओरडा आला, “मारा! मारा!” शिवलिंगअप्पा तराजू टाकून जिना चढले. त्यांना वाटलं, बाईला कोणीतरी मारतंय, नाहीतर साप निघालाय. वर जाऊन बघतात तर नुरिया गच्चीच्या कठड्याला टेकून फोनवर बोलत होती. नेट सापडलं होतं आणि पलीकडे तिची आई होती. कातालानमध्ये आई म्हणजे ‘मारा’. लिहितात एम-ए-आर-ई. मी वहीत ते लिहिलं आणि हरखून गेलो. हीच चार अक्षरं इंग्रजीत घोडी, लॅटिनमध्ये समुद्र आणि कातालानमध्ये आई. आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही! मी हे नुरियाला अर्धा तास समजावून सांगितलं. ती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, “सर, आय गो. महानंदा वेटिंग.”

महानंदा म्हणजे अप्पांची सून. माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेच्या परीक्षेत मी तिला इंग्रजीत दोनदा नापास केलेलं होतं. दहावीच्या बोर्डालाही तिचा तोच एक विषय राहिला, आणि मग लग्न झालं. तर ही महानंदा नुरियाला स्वयंपाकघरात भाकरी थापायला शिकवत होती.

सुरुवातीला मला गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. मी अप्पांच्या ओट्यावर वही उघडून बसायचो आणि आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. महानंदा मराठीत बोलायची, नुरिया कातालानमध्ये. मध्ये इंग्रजी नव्हतंच, म्हणजे मीही नव्हतो. तरी ह्यांचं चाललंय काय, हे बघायला मी पाणी मागायच्या निमित्ताने आत डोकावायचो. नुरिया परातीकडे बोट दाखवून काहीतरी विचारायची, महानंदा नाव सांगायची, नुरिया म्हणून बघायची, चुकायची, दोघी हसायच्या. महिनाभरात नुरिया “लय तिखट हाय” म्हणायला लागली. माझ्याशी इतक्या दिवसांत ती मराठीत एक शब्दही बोलली नव्हती.

मी जळत होतो. दुसरा शब्द नाही. घरी आलो की बायकोला सांगायचो, “त्या पोरीला प्रेझेंट टेन्स, पास्ट टेन्स कळत नाही आणि निघालीय परदेशी बाईशी बोलायला.” बायको म्हणाली, “तुमाला काय त्रास हाय पण त्याचा?” मग मी महानंदाच्या चुका काढायला लागलो, तेही चारचौघांत. दुकानात गिऱ्हाइकं असताना एकदा म्हटलं, “महानंदा, ‘शी गो’ नाही, ‘शी गोज’. किती वेळा सांगितलं होतं वर्गात?” ती खाली बघून म्हणाली, “व्हय सर.” नुरियाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर काय म्हणत होती, ते कळायला कोशाची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात नुरिया देवळातल्या दगडी जाळीचं चित्र काढत बसली होती. महानंदा डबा घेऊन गेली होती, ती परत येताना मला रस्त्यात भेटली. उत्साहाने म्हणाली, “सर, जाळीला तिकडं झलुझीआ म्हणतात. तुमच्या वहीत लिवा.” मी “हो हो” म्हटलं आणि घरी येऊन कोश उघडला. इंग्रजी ‘जेलसी’चाच तो भाऊ निघाला. तिकडच्या भाषांत जाळीदार खिडकी आणि मत्सर यांना एकच शब्द आहे. जाळीआडून माणूस बाहेरचं सगळं बघतो, बाहेरच्यांना तो दिसत नाही. मी तो शब्द वहीत लिहिला नाही. ओट्यावर बसून आतलं हसणं ऐकणारा म्हातारा मला त्यात दिसला. शिवाय तो शब्द तिने मिळवलेला होता.

आता मुख्य गोष्ट.

जानेवारीत नुरिया आजारी पडली. अंगात तापाची कसर, डोळे लाल, जेवण बंद. अप्पांनी मला बोलावलं. जिंतूरला एक तरुण डॉक्टर आहेत, तेही माझेच विद्यार्थी. जीपने निघालो. महानंदा आमच्याबरोबर निघाली, तेव्हाच मला रुचलं नव्हतं. दवाखान्यात पोचल्यावर मी तिला म्हटलं, “तू बाहेर बस. आत बोलायचं काम आहे.” ती काहीतरी सांगायला लागली होती. “सर, एक मिनिट ऐका, तिला...” मी म्हटलं, “मला येतं इंग्रजी.” आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? नुरिया तापाने थकलेली होती, तिचं इंग्रजी आणि कातालान एकमेकांत मिसळत होतं. ती म्हणाली, “आय अॅम कॉन्स्तिपादा. फोर डेज.” मी लगेच सांगितलं, “चार दिवस पोट साफ नाही.” डॉक्टर म्हणाले, “आवाज बसल्यासारखा वाटतो, नाकही लाल आहे.” मी म्हटलं, “देवळातल्या धुळीत बसते दिवसभर. त्याने असेल.”

मग नुरियाने मान खाली घातली, पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “आय अॅम... एम्बारासादा.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “संकोच वाटतोय तिला. बाईमाणूस आहे, पोटाच्या तक्रारी पुरुषांपुढे कशा सांगणार!” डॉक्टर म्हणाले, “सर, दिवस वगैरे गेलेले नाहीत ना? एवढं विचारा. कडक औषध द्यायचं तर माहीत हवं.” माझं मला लाजल्यासारखं झालं. तिचं लग्न झालेलं नाही, हे मला माहीत होतं. मी न विचारताच म्हणालो, “छे, तसं काही नाही.” गुरुजींच्या शब्दावर विसंबून त्या मुलाने चिठ्ठी लिहिली. चूक त्याची नव्हती.

औषधाच्या दुकानातून बाटली घेऊन आम्ही बाहेर आलो. महानंदाने विचारलं, “काय झालंय म्हणले?”

“पोट साफ होत नाही. जुलाबाचं औषध दिलंय.”

“पोट?” ती बघतच राहिली. “सर, तिला सर्दी झालीय, लय. रातभर शिंकायली. आन तिला दिवस गेलेत. हे कसं द्यायलाव तिला?”

“तुला कोणी सांगितलं?”

“तिनंच. मारा, मारा म्हणली.”

“मारा म्हणजे तिची आई,” मी म्हटलं. “आईची आठवण काढत असेल ती. तू अर्धवट ऐकतेस आणि...” आणि पुढे मी, दवाखान्याच्या पायरीवर, आजारी बाईला उभं ठेवून, महानंदाला ‘एम्बॅरस’ या शब्दाचं मूळ सांगायला लागलो. आज हे लिहिताना कान गरम होतात. तिने माझं ऐकून घेतलं नाही. तिने नुरियाच्या हातातली बाटली धरली, बाटलीकडे बोट दाखवलं, पोटावर हात नेला आणि मग जोरजोराने हात हलवला, नाही, नाही. नुरियाचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. बाटली तिने महानंदाच्या हातात सोडून दिली.

महानंदा म्हणाली, “परभणीला बाईडॉक्टरकडं न्यायलेय मी. तुमी येणार असाल तर या सर. पण आत मी जाणार.”

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेरच्या बाकावर बसलो. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नुरियाला तिसरा महिना चालू होता. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. बाई म्हणाल्या, “अशा परिस्थितीत, ताप असताना, जुलाबाचं इतकं कडक औषध कोणी आणलं होतं?” महानंदा म्हणाली, “दिलं न्हाई ओ, नुसतं आणलं व्हतं.” कोणी आणलं, ते तिने सांगितलं नाही.

घरी आल्यावर कोश काढला. ‘कॉन्स्टिपेट’चं लॅटिनमध्ये मूळ क्रियापद आहे, त्याचा अर्थ दाबून भरणं, गच्च करणं. इंग्रजांनी ते पोटाला लावलं, कातालान लोकांनी नाकाला. तिचं नाक चोंदलं होतं. दुसऱ्या शब्दाच्या, ‘एम्बॅरस’च्या, मुळाशी फास, दोरी असावी असं म्हणतात. एका भाषेत मन अडकतं, दुसरीत बाई गरोदर असते. दोन्ही शब्दांची मुळं त्याच कोशात, माझ्या हाताखाली, वीस वर्षं पडून होती.

नुरिया बरी झाली आणि फेब्रुवारीत परत गेली. जाताना तिने महानंदाला जाळीचं चित्र दिलं. माझ्याशी हात मिळवला, “थँक्यू, सर” म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. पुढे तिला मुलगी झाल्याचा फोन आला. तो महानंदाला आला.

इथपर्यंत असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण गावात गोष्ट फिरली ती वेगळीच. खंदारे सर होते म्हणून परदेशी बाई वाचली, सरांनी तिला वेळेवर परभणीला नेलं, असं जो तो बोलायला लागला. इंग्रजीचा मास्तर आणि इंग्रजीत नापास झालेली सून यांत वाचवणारा कोण असेल, हे लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. मला शाल आणि नारळ दिला. निवेदक म्हणाला, “सरांच्या भाषाज्ञानामुळे एक जीव वाचला.” मी माइकपाशी उभा राहिलो. समोर बायकांत महानंदा बसली होती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, “मी फक्त माझं कर्तव्य केलं.” टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या.

तेव्हापासून माझी जळजळ वाढलीच. आधी ती तिला मिळालेल्या मैत्रीवर होती. आता तिच्या गप्प बसण्यावर होती. तिने एकदा टोमणा मारला असता तरी मला सुटल्यासारखं झालं असतं. ती दुकानात दिसली की “सर, बसा, चहा ठिवते” म्हणायची. मी कामाचं निमित्त सांगून निघून यायचो. किराणा मी दुसऱ्या दुकानातून आणायला लागलो.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या. मी त्या म्हातारीची, पासपोर्टच्या अर्जांची, हसवणारी चार पानं लिहिली आणि फाडली. मग हे लिहिलं. छापायला पाठवण्याआधी पानं घेऊन महानंदाकडे गेलो. तिच्याबद्दल छापून येणार, तर तिला विचारायला हवं होतं. ती काउंटरमागे बसून सावकाश, एकेक ओळ वाचत होती. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना साखर आणि काडेपेटी देऊन ती परत वाचायला लागली. मी चौतीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले. माझा पेपर कोणी तपासत असताना समोर उभं राहायची वेळ आली नव्हती.

शेवटचं पान ठेवून ती म्हणाली, “सगळं खरं लिवलंय सर. माझं नाव राहू द्या, मला काय न्हाई. पण एका जागी चुकलाव तुमी.”

“कुठे?”

तिने पान उलटून बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘महानंदाला तिची भाषा कळली होती.’

“मला कुठं कळली व्हती?” ती म्हणाली. “मारा, मारा म्हणली, तवा मला बी आधी वाटलं, माय आठवायलीय तिला. तुमच्यावानीच.”

“मग?”

“मंग काय. इचारलं तिला.”

“कोणत्या भाषेत?”

तिला हसू आलं. “भाषा कशाला लागती सर त्याला? पोटावर हात ठिवला तिच्या, आन म्हणलं, हाय का?”

आत चहा उतू जात होता, म्हणून ती उठली. मी खिशातलं पेन काढून काउंटरवरच ते वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं, ‘महानंदाने विचारलं. मी विचारलं नाही.’ लिहितानाही थोडं जळलंच.